अंबाडीला हात लागतो तेव्हा: सोलापुरातील एका सजीव मांडणीशिल्पाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग शेडमध्ये घडले. संबंधितांची नावे, शेडचा पत्ता आणि वर्ष येथे वगळले आहे. प्रस्तुत लेखकाला या कामाच्या बैठकांना निरीक्षक म्हणून बसता आले, त्यामुळे निर्णय कसे झाले हे जवळून पाहता आले.

१८७७ साली सुरू झालेल्या 'जुन्या मिल'पासून सोलापूर ही कापडाची नगरी झाली. गिरण्या बंद पडत गेल्यानंतर हे काम मुख्यतः पूर्व भागातील मागांवर टिकले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी गेल्या काही दशकांत अनेक शेडमधले माग भंगारात गेले आणि शेड गोदामे झाल्या. अशाच एका रिकाम्या शेडच्या मालकाने हिवाळ्यापुरती जागा वापरू दिली. पुण्यात शिकून परत आलेल्या एका तरुण कलावंत स्त्रीने तेथे मांडणीशिल्प उभारायचे ठरवले. तिच्या सोबतीला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे एक शिक्षक आणि शहराबाहेर रोपवाटिका चालवणारे एक गृहस्थ होते. रोपवाटिकेकडून रोज सकाळी दोन तास एक माळी येत असे. सगळे त्याला माळीमामा म्हणत. आराखड्याच्या बैठकांना मात्र त्याला कोणी बोलावले नव्हते, आणि पुढे जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

कल्पना अशी होती की चादर किंवा टॉवेल होण्याआधी धागा ज्या वनस्पतींतून येतो त्या वनस्पती कुंड्यांमध्ये मांडायच्या, आणि प्रेक्षकाने पानाला हात लावताच त्या झाडातून मागाचा आवाज ऐकू यायचा. हा प्रकार जगात नवा नाही. क्रिस्टा सोमरर आणि लॉरां मिन्योनो या कलावंत जोडीने १९९२ साली खरी झाडे संगणकाला जोडली होती. प्रेक्षकाने झाडाजवळ हात नेला की समोरच्या पडद्यावर आभासी वेली वाढत. फ्रान्समधील 'सेनोकोस्म' या कलावंत जोडीने टांगलेल्या वेलींना स्पर्श करताच आवाज उमटावा अशी रचना २००७ मध्ये केली. त्याआधी १९९५ साली अमेरिकेत 'टेलिगार्डन' नावाची एक छोटी बाग उभी राहिली. दूरवरची माणसे इंटरनेटवरून यांत्रिक हात चालवून तेथे बी पेरत आणि पाणी घालत. ही बाग पुढे ऑस्ट्रियातील लिंझ शहरात हलवली गेली आणि २००४ पर्यंत चालली. सोलापूरच्या गटाने या तिन्ही कामांचा अभ्यास केला होता. पहिल्या दोन कामांतून त्यांनी स्पर्श घेतला. तिसऱ्या कामात प्रेक्षक झाडाची निगा राखतो, याकडे त्या वेळी त्यांचे फारसे लक्ष गेले नाही.

रचना

शेडमध्ये ४८ कुंड्या होत्या. हा आकडा कलेच्या विचारातून ठरलेला नव्हता. शिक्षकांनी निवडलेल्या 'एमपीआर१२१' या स्पर्श ओळखणाऱ्या चिपला बारा वाहिन्या असतात आणि एका जोडणीवर अशा चारच चिप बसतात, म्हणून चार रांगा आणि प्रत्येक रांगेत बारा कुंड्या असे ठरले. पहिल्या रांगेत कापूस होता. दुसरीत वाख देणारी झाडे म्हणजे अंबाडी, ताग आणि घायपात होती. तिसऱ्या रांगेत रंगासाठी झेंडू आणि मेंदी होती. चौथ्या रांगेत तुळस, कोरफड आणि लाजाळू अशी घरोघरी ओळखीची झाडे ठेवली होती. लाजाळूचा आग्रह कलावंताचा होता. जगदीशचंद्र बसूंनी ज्या झाडाच्या विद्युत प्रतिसादांचा अभ्यास केला ते झाड अशा कामात असलेच पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

प्रत्येक कुंडीच्या मातीत स्टेनलेस स्टीलची एक सळई खोचलेली होती आणि तिची तार चिपपर्यंत जात होती. जिवंत झाडाच्या ऊतींत क्षार विरघळलेले पाणी असते, त्यामुळे माती, खोड आणि पान मिळून एक विद्युतवाहक बनतो. माणसाने पानाला हात लावला की या वाहकाची विद्युत धारकता बदलते आणि चिप तो बदल टिपते. तांब्याची सळई स्वस्त आणि सोयीची पडली असती, पण तांबे मातीत उतरून मुळांना अपाय करते म्हणून ते टाळले. हा निर्णय चांगला होता. आवाज एका विणकर कुटुंबाच्या चालू मागावर ध्वनिमुद्रित केले होते. त्यांत धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या नळीचा) खटका होता, बॉबीन भरतानाची घरघर होती आणि नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्राचे पुठ्ठे सरकतानाची लय होती. कापसाला हात लावला की बॉबीन फिरे, घायपाताला लावला की धोटा जाई, आणि बरेच हात एकाच वेळी लागले की पूर्ण माग चालू झाल्याचा भास होई.

गड्ड्याची यात्रा उरकल्यानंतर, जानेवारीच्या अखेरीस हे काम लोकांसाठी खुले झाले. तीन आठवडे ते चालणार होते.

अडचण

पहिल्या काही दिवसांत गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली. शाळांच्या सहली आल्या, महाविद्यालयीन मुले चित्रफिती काढायला आली आणि आसपासच्या गल्ल्यांतील कुटुंबे संध्याकाळी जेवण उरकून येऊ लागली. याच गर्दीत तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळून उभ्या राहिल्या. सुरुवातीला गटाने त्या तिन्हींना मिळून 'सेन्सरचा बिघाड' म्हटले.

पहिली अडचण अशी की झाडे मुलांच्या हाताला लगेच प्रतिसाद देत, पण ज्यांच्या आयुष्याचा आवाज त्यांच्यात भरला होता त्या म्हाताऱ्या विणकरांच्या आणि विडी वळणाऱ्या आजींच्या हाताला बहुतेक वेळा गप्प राहत. सत्तरी ओलांडलेले एक अण्णा आयुष्यभर मागावर काम केलेले होते. ते घायपाताचे पान पुन्हा पुन्हा दाबत राहिले आणि काहीच होईना तेव्हा हसून मागे सरले. शेजारच्या नातवाने बोट टेकवताच धोटा खटकला. कलावंताला हे फार लागले, आणि ते योग्यच होते. ज्यांच्यासाठी काम उभारले त्यांनाच त्यातून बाहेर ठेवणारा दोष हा किरकोळ तांत्रिक दोष मानता येत नाही.

दुसरी अडचण झाडांची होती. लाजाळूची पाने दुसऱ्या दिवसापासून उघडेनाशी झाली. कापसाची पाते (फुलांच्या कळ्या) गळू लागली. तुळशीच्या कडेची पाने काळवंडली, आणि मेंदीच्या कोवळ्या फांद्या हाताखाली मोडल्या.

तिसरी अडचण मात्र कोणाच्याच कल्पनेत नव्हती. लोक अंबाडीची पाने खुडून नेऊ लागले. नेणाऱ्या बहुतेक बायका होत्या, आणि त्या लपवूनही नेत नव्हत्या. पान तोडायचे, चिमटीत चुरायचे, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचे, आंबटपणा पटला की आणखी दोन पाने घ्यायची, असे सगळे उघडपणे चालले होते. ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खाणाऱ्या मराठी घरांत आणि तिलाच गोंगुरा म्हणणाऱ्या तेलुगू घरांत अंबाडी दिसली की हात आपोआप पुढे जातो. एका आठवड्यात अंबाडीच्या कुंड्या निम्म्या बोडक्या झाल्या.

यात भर म्हणून रोज सकाळी माळीमामा पाणी घालू लागला की संपूर्ण शेड एकदम खटखटू लागे. माती अचानक ओली झाल्यामुळे चिपला तो स्पर्शच वाटे. शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी कौतुक केले आणि चौथ्या दिवशी तक्रार केली.

कारणांचा शोध

शिक्षकांनी आधी विद्युत बाजू तपासली. तिन्ही अडचणींत तीच सर्वांत लवकर उलगडली. सुरक्षिततेसाठी संपूर्ण विद्युत मंडल बॅटरीवर चालत होते, आणि पाणी व कुंड्या जवळ असताना ते बरोबरच होते. पण बॅटरीवरच्या मंडलाला जमिनीशी जोड नव्हती. रबरी चपला घालून सिमेंटच्या कोब्यावर उभ्या असलेल्या माणसाचीही जमिनीशी जोड नव्हती. विजेचा मार्ग पूर्ण होण्यासाठी दोन्हींकडून कुठेतरी जमीन लागते. मुलांच्या ओलसर, मऊ बोटांनी जो बदल घडे तो या कमकुवत मार्गातूनही पुरेसा ठरे. वर्षानुवर्षे धागा ओढून किंवा तेंदूपत्ता कातरून घट्टे पडलेल्या कोरड्या त्वचेने मात्र तो बदल फार कमी होई. चिपच्या संवेदनशीलतेची मर्यादा प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या हातांवरून ठरवली होती. भिंतीपलीकडे चालू असलेल्या यंत्रमागांच्या मोटारींचा विद्युत गोंगाट तारांत शिरत असल्यामुळे नुसती मर्यादा खाली आणणेही शक्य नव्हते. तसे करताच झाडे कोणी हात न लावताही बोलू लागत.

झाडांच्या ऱ्हासाची कारणे शोधताना रोपवाटिकाचालक आणि माळीमामा यांना प्रथमच सर्वांसोबत बसवले गेले. माळीमामाचे म्हणणे थोडक्यात असे होते की झाडाला दिवसभर माणसे हात लावतात आणि रात्री ते पत्र्याखाली अंधारात असते, मग त्याने वाढायचे कधी. हे म्हणणे शास्त्राशी जुळते. वारंवार स्पर्श झालेल्या झाडाची उंची खुंटते आणि खोड आखूड व जाड होते, ही गोष्ट वनस्पतिशास्त्रात जुनी आहे. १९७३ साली मार्क जाफे या अमेरिकी शास्त्रज्ञाने या प्रतिसादाला स्वतंत्र नावही दिले. लाजाळूचे पान मिटते तेव्हा देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींमधून पाणी बाहेर जाते आणि ते परत भरायला साधारण पाव ते अर्धा तास लागतो. दर मिनिटाला एक हात येत असेल तर ते पान दिवसभर मिटलेलेच राहणार आणि त्याला पुरेसा प्रकाशही मिळणार नाही. कापूस तर ताण सहन न झाल्यास आधी पाते टाकतो, हे कोणताही शेतकरी सांगेल. स्पर्शाचा ताण, शेडमधला अपुरा प्रकाश आणि पाण्याची अनियमितता यांपैकी नेमके कशाने पाते गळले हे वेगळे करता आले नाही आणि तशी गरजही नव्हती, कारण तिन्ही कमी करणे गटाच्या हातात होते.

पाण्याचा प्रश्न खास सोलापूरचा आहे. उजनी धरणाच्या भरवशावरच्या या शहरात बहुतेक भागांत नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. कुंड्यांना मधल्या दिवसांत बोअरचे पाणी दिले जाई. ते क्षारयुक्त असल्याने कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरू लागला. क्षार वाढले की मातीची विद्युतवाहकता बदलते, म्हणजे पाण्याचा प्रश्न झाडाला जाचत होताच, पण तो सेन्सरच्या आकड्यांतही उतरत होता. दोन अडचणी वेगवेगळ्या खोल्यांत बसून सोडवता येणार नाहीत, हे गटाच्या येथे लक्षात आले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय शेडच्या मालकाने सुचवला. प्लॅस्टिकची झाडे ठेवा आणि आत तारा घाला, आवाज येतच राहील, असे तो म्हणाला. कलावंताने तो लगेच फेटाळला. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र त्यावर थोडी चर्चा व्हायला हवी होती. झाड जिवंत असल्यामुळे या कामात नेमके काय मिळते, हे गटाला शब्दांत मांडावे लागले असते तर पुढचे निर्णय अधिक सोपे झाले असते.

दुसरा पर्याय बंदोबस्ताचा होता. दोरी बांधायची, एकेका रांगेत मोजकी माणसे सोडायची, 'पाने तोडू नका' अशी पाटी लावायची आणि दोन स्वयंसेवक उभे करायचे. शाळेच्या शिक्षिकांना हा पसंत होता. याने तुळस व मेंदी वाचली असती, पण प्रेक्षकाने हात पुढे करावा म्हणून उभारलेल्या कामात त्याच हाताला धाक दाखवणे सर्वांनाच खटकले. शिवाय कलावंताच्या मनात एक वेगळी शंका होती. दोरीपलीकडे थांबणारे प्रेक्षक कोण असतील? मुले दोरी ओलांडतील आणि म्हातारे मागे राहतील, असे तिला वाटत होते, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होते.

तिसरा पर्याय रोपवाटिकेकडून आला, तो म्हणजे झाडांना आळीपाळीने विश्रांती देण्याचा. शेडबाहेरच्या अंगणात हिरव्या शेडनेटखाली निम्म्या कुंड्या ठेवायच्या आणि काही दिवसांनी आतल्या-बाहेरच्या बदलायच्या. यात एकाच वेळी कमी झाडे बोलणार होती आणि पूर्ण मागाचा परिणाम विरळ होणार होता. शिक्षकांनाही प्रत्येक बदलानंतर सेन्सर पुन्हा जुळवावे लागणार होते.

चौथा पर्याय अंबाडीच्या निमित्ताने पुढे आला आणि तो सुचवला माळीमामाने. बायका खुडतात तर खुडू द्या, पण शेंड्याची खुडू द्या, असे तो म्हणाला. अंबाडीचा शेंडा खुडला की बाजूचे फुटवे येतात आणि झाड झुपकेदार होते. भाजीसाठी पेरलेली अंबाडी पुन्हा पुन्हा खुडली जाते ती याच कारणाने. मग ज्या झाडाचा जो वापर लोकांना आधीपासून माहीत आहे, तोच वापर सहभाग म्हणून का स्वीकारू नये? अंबाडी खुडावी, तुळशीला पाणी घालावे, कोरफड व घायपात यांना हात लावावा, कापूस लांबून पाहावा, अशी ही दिशा होती.

या पर्यायावर सर्वांत जास्त वेळ वाद झाला. कलावंताला भीती होती की काम आवाजाकडून भाजीकडे सरकेल. शिक्षकांचा आक्षेप तांत्रिक होता: पान तुटताना चिपवर येणारा बदल स्पर्शापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे आवाज केव्हा आणि कोणता वाजवायचा हे नव्याने लिहावे लागणार होते. रोपवाटिकाचालकाने एकच प्रश्न विचारला, की उरलेल्या दिवसांत किती झाडे जगवायची आहेत. उत्तर 'सगळी' असेल तर याशिवाय मार्ग नाही, असे त्याने सांगितले.

केलेली कृती

गटाने तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र केला. त्यासाठी काम तीन दिवस बंद ठेवले. शाळेच्या एका सहलीला परत पाठवावे लागले, याची चुटपुट सर्वांना लागली. तरीही बंद ठेवण्याचा निर्णय हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय होता असे वाटते, कारण चालू प्रदर्शनात डागडुजी करत राहण्याचा मोह सहज होतो.

लाजाळूच्या कुंड्या काढून टाकल्या. त्यांच्या जागी आणखी कोरफड आणि घायपात आले. घायपाताच्या पानांची टोके काट्यासारखी असल्याने ती छाटली आणि चीक हाताला लागल्यास खाज येते म्हणून पाने तोडू नयेत अशी सूचना तेथे ठेवली. सबंध शेडमधली ही एकमेव मनाईची पाटी होती. जाड, पाणीदार पानांच्या या झाडांचा विद्युत प्रतिसादही स्थिर होता. मातीत थोडा ओलावा कमी-जास्त झाला तरी त्यांच्या पानांतला साठा पुरत असे.

जमिनीच्या प्रश्नावर शिक्षकांनी तांब्याची बारीक जाळी रांगांच्या कडेने अंथरली, तिच्यावर ओले गोणपाट टाकले आणि जाळीला मंडलाच्या भूजोडाशी व अंगणातल्या एका भूसळईशी जोडले. प्रेक्षकांनी चपला बाहेर काढून गोणपाटावरून चालायचे असे ठरले. दाराशी पाण्याचे एक घंगाळ ठेवले आणि हात भिजवूनच आत यायचे असे सांगितले जाऊ लागले. यानंतर चिपची मर्यादा नव्याने ठरवताना समोर विद्यार्थी नव्हते. तेच अण्णा आणि शेजारच्या दोन आजी यांना बोलावून त्यांच्या हातांवर ती ठरवली गेली. बॅटरी कायम ठेवली. विजेच्या मुख्य प्रवाहाची एकही जोडणी कुंड्यांजवळ आणायची नाही, यावर शिक्षक शेवटपर्यंत ठाम राहिले.

अंबाडीच्या रांगेत दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरलेल्या नव्या कुंड्या आल्या. एका वेळी दोनच कुंड्यांत लाल दोरा बांधलेला असे आणि दोरा असलेल्या कुंडीतून प्रत्येकाने शेंड्याची दोन पाने खुडावीत अशी मुभा होती. खुडताना पान ताणले गेले की बॉबीनचा आवाज येई आणि पान तुटताच थांबे. हा आवाज नव्याने बसवायला शिक्षकांना दोन रात्री लागल्या, पण सबंध कामात लोकांना सर्वांत आवडलेला क्षण हाच ठरला.

पाणी घालण्याचे काम तुळशीपुरते प्रेक्षकांकडे दिले. येथे एक व्यावहारिक अडचण होती. प्रत्येक माणूस प्रेमाने तांब्याभर पाणी घालू लागला तर तुळस दोन दिवसांत कुजेल. म्हणून दिवसभराचे पाणी सकाळीच मोजून एका घागरीत ठेवले जाई आणि घागर रिकामी झाली की त्या दिवसाचे पाणी संपे. उशिरा येणाऱ्यांना पाणी घालायला मिळत नसे. काहींनी नाराजी दाखवली, पण नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत या नियमाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. माळीमामाच्या सकाळच्या पाण्याच्या वेळी ध्वनिवर्धक बंद ठेवण्याची साधी कळही तेव्हाच बसवली.

सर्वांत महत्त्वाचा बदल कागदावर झाला. माळीमामाला पूर्ण दिवसाच्या मजुरीवर घेतले आणि कोणती कुंडी आत ठेवायची, कोणती बाहेर न्यायची याचा अंतिम निर्णय त्याच्याकडे दिला. कलावंताला एखादी कुंडी दृश्यासाठी हवी असली तरी माळीमामाने ती बाहेर ठेवायची म्हटले की ती बाहेर जाई. हे दोघांनाही सुरुवातीला अवघड गेले.

परिणाम

पुन्हा सुरू झाल्यावर अण्णांच्या हाताला घायपात बोलले. त्या दिवशी ते बराच वेळ रांगेत होते आणि आवाजातला धोटा कोणत्या मागाचा आहे यावर त्यांनी दोन तरुणांशी वाद घातला. वडीलधाऱ्या प्रेक्षकांचे येणे स्पष्टपणे वाढले. ते जास्त वेळ थांबू लागले, आणि गोणपाटावर अनवाणी उभे राहून गप्पा मारणे हा संध्याकाळचा परिपाठ झाला. याउलट मुलांचा सुरुवातीचा धिंगाणा ओसरला. सगळ्या झाडांना एकदम हात लावून कारखाना चालू करणे आता शक्य नव्हते. शाळांच्या सहलींतला उत्साह आधीपेक्षा कमी होता हे मान्य करावे लागेल. कलावंताला ही घट अजूनही सलते.

झाडांचे चित्र संमिश्र राहिले. घायपात आणि कोरफड यांना काही झाले नाही. अंबाडी अपेक्षेप्रमाणे फुटली आणि आधीपेक्षा दाट झाली. तुळस सावरली. कापूस मात्र सावरला नाही. शेडनेटखाली विश्रांती मिळूनही गळलेली पाते परत आली नाहीत आणि बोंडे धरलेली झाडे फारच थोडी उरली. गावाकडून काही बोंडे आणून टोपलीत ठेवावी लागली.

यानंतर आणखी एक निर्णयाचा क्षण आला, आणि तो नीट हाताळला गेला नाही. प्रतिसाद चांगला असल्याने तीन आठवड्यांचे काम गुढीपाडव्यापर्यंत वाढवायचे ठरले. फेब्रुवारीअखेरीपासून सोलापुरात उन्हाची तीव्रता झपाट्याने वाढते आणि मार्चमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभे राहवत नाही. मुदत वाढवण्याच्या बैठकीत गर्दीचा, वर्तमानपत्रातल्या बातमीचा आणि एका संभाव्य देणगीदाराचा विचार झाला. तापमानाचा विषय फक्त माळीमामाने काढला. त्याचा अधिकार कुंड्यांपुरता होता, मुदतीबद्दल त्याला अधिकार नव्हता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झेंडू आणि मेंदीच्या बहुतेक कुंड्या बाहेर काढाव्या लागल्या आणि दुपारी बारा ते पाच काम बंद ठेवावे लागले. पाडव्याला शेडमध्ये उरलेल्या झाडांत मुख्यतः घायपात, कोरफड आणि अंबाडी होती.

समारोपाला झाडे वाटण्यात आली. येथे गटाने जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी १९८२ साली कासेल शहरात सुरू केलेल्या कामाचा आधार घेतला. त्या कामात प्रत्येक ओकच्या रोपाशेजारी बेसाल्टचा एक दगड उभा केला होता आणि सात हजार झाडे लावून व्हायला १९८७ उजाडले. बॉइस त्याआधीच निवर्तले होते. झाडासोबत दगड देण्याची कल्पना येथे गरजेची नव्हती (सोलापूरकराला काळ्या दगडाचे अप्रूप नाही), पण रोप नेणाऱ्याने वहीत गल्ली लिहावी आणि पावसाळ्यात एकदा झाडाची खबर द्यावी अशी अट घातली. खबर देणाऱ्यांत अंबाडी नेलेली घरे अधिक होती, कारण त्यांच्याकडे सांगायला भाजी होती.

वेगळे काय करता आले असते

झाडांची निवड कथेवरून झाली. कापूस, वाख, रंग, घर ही मांडणी सुबक होती, पण कोणते झाड किती हात सहन करते हा प्रश्न निवडीच्या वेळी कोणी विचारला नाही. दोन आठवडे आधी तीन-चार कुंड्या एखाद्या किराणा दुकानाच्या दाराशी ठेवून लोक त्यांचे काय करतात हे पाहिले असते, तर लाजाळूचा ऱ्हास आणि अंबाडीचे खुडणे दोन्ही आधीच कळले असते. प्रयोगशाळेतली चाचणी येथे कमी पडली, कारण तिच्यात ना वय होते, ना घट्टे, ना भाजीची ओढ.

चाचणीसाठी कोणाचे हात घ्यायचे, हा या प्रकारच्या कामात खरे तर कलेचाच निर्णय आहे. ज्याचा हात सर्वांत कोरडा आणि सर्वांत अनुभवी, त्याच्यावर मर्यादा ठरवली की इतरांचे हात आपोआप सामावले जातात. उलट केले तर तसे होत नाही.

खर्चाच्या विभागणीबद्दल प्रस्तुत लेखकाचे मत कलावंतापेक्षा वेगळे आहे. मूळ अंदाजपत्रकात सेन्सर, ध्वनिवर्धक आणि ध्वनिमुद्रण यांना मोठा वाटा होता. माळ्याचा खर्च रोपवाटिकेच्या बिलात एका ओळीत दडलेला होता. कलावंताचे म्हणणे असे की पहिल्याच कामात तंत्र उभे राहण्यासाठी तो खर्च अटळ होता आणि पुढच्या वेळी तो लागणार नाही. ते खरे असेल. पण शेडनेट, गोड्या पाण्याचा टँकर आणि पूर्ण दिवसाचा माळी यांची तरतूद पहिल्या दिवसापासून असती, तर ४८ ऐवजी २४ कुंड्यांतही हे काम उभे राहिले असते, आणि उरलेल्या २४ विश्रांतीला ठेवता आल्या असत्या.

मुदतवाढीचा नियम आधीच लिहून ठेवायला हवा होता. गर्दी वाढली म्हणून मुदत वाढवायची की नाही, हे गर्दी समोर असताना ठरवले की उत्तर बहुतेक वेळा 'हो' असेच येते. पत्र्याखालचे दुपारचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की काम बंद, अशी एक ओळ करारात असती तर माळीमामाला एकट्याने बोलावे लागले नसते.

खुडण्याच्या मुद्द्यावर गटात अजूनही एकमत नाही. कलावंताच्या मते लाल दोऱ्याच्या कुंडीने कामाचे केंद्र हलले आणि लोक आवाज विसरून पान घेऊन गेले. शिक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. पुढचे काम पावसाळ्यात, कुंड्यांऐवजी शेडच्या अंगणातल्या जमिनीत अंबाडी पेरून करायचे असे बोलणे सुरू आहे. माळीमामाने त्यासाठी होकार दिला आहे, मात्र तारखा ठरवण्याच्या बैठकीला आपण असलो पाहिजे अशी अट त्याने घातली आहे, आणि ती मान्य झाली आहे.